‘शिक्का कुठं हाय?’ : एका गृहमतदानाचं प्रकरण

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात नोव्हेंबर २०२४ मध्ये घडलेलं हे प्रकरण. विधानसभेचं मतदान २० तारखेला होतं आणि त्याच्या आदल्या आठवड्यात मी गृहमतदानाच्या पथकावर होतो. पेशा हायस्कुलातल्या मास्तराचा, त्यामुळे निवडणुकीची ड्युटी काही चुकत नाही. गाव, घर आणि नाती ओळखू येऊ नयेत म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. मत कुणाला पडलं ते मला माहीत नाही. माहीत असतं तरी कायद्यानं सांगता आलं नसतं.

मतदार होत्या आक्का. वय ९१, शिक्षण चौथी, स्मृतिभ्रंशाचं निदान होऊन तीन वर्षं झालेली. मुलानं त्यांच्यासाठी घरून मतदानाचा अर्ज दिला होता. पुण्याच्या मुलीचा त्याला विरोध होता. अंगणात एका उमेदवाराचा तरुण प्रतिनिधी उभा होता, त्याचं म्हणणं, आधी आज्जींची परीक्षा घ्या आणि मगच मतपत्रिका द्या. मुलाला आईच्या वतीनं खूण स्वतः करायची होती. ही सगळी ओढाताण चालू असताना आक्का पडवीत सूप घेऊन वाघ्या घेवडा निवडत होत्या. खडा एकीकडे, किडका दाणा दुसरीकडे.

म्हाताऱ्यांची चाचणी घेतल्याशिवाय त्यांना मत देऊ देऊ नये, हा विषय आमच्या स्टाफरूममध्ये दर निवडणुकीला निघतो. जपानात पंचाहत्तरीनंतर गाडीचा परवाना नव्यानं हवा असेल तर स्मरणशक्तीची चाचणी द्यावी लागते, मग राज्य कुणाच्या हाती द्यायचं ते ठरवताना का नको, असा एकंदर सूर. खरं सांगायचं तर मीही त्याच सुरातला. आक्कांच्या घरी गेलो तो त्याच मनानं गेलो.

अंगठा आणि सही

पंचाऐंशीच्या वरच्या मतदाराला घरून मत देता येतं. आधी ही मर्यादा ८० होती, मार्च २०२४ मध्ये नियम बदलून ८५ केली. त्याच महिन्यात लोकसभा निवडणूक जाहीर करताना आयोगानं जे आकडे दिले त्यांत ८५ वरचे मतदार ८२ लाख होते आणि शंभरी ओलांडलेले २ लाख १८ हजार. अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत नमुना १२-ड हा अर्ज भरून द्यायचा. बीएलओ, म्हणजे केंद्राची मतदार यादी सांभाळणारा कर्मचारी, तो घरी आणून देतो आणि भरलेला घेऊन जातो. अर्ज मंजूर झाला की यादीत नावापुढे टपाली मतपत्रिकेची खूण पडते आणि मग त्या माणसाला केंद्रावर यंत्राचं बटण दाबता येत नाही. पथक कधी येणार ते उमेदवारांना आधी कळवतात, त्यांचे प्रतिनिधी हजर राहू शकतात. पथकात दोन मतदान अधिकारी, एक व्हिडिओग्राफर, एक पोलीस. माझ्या जोडीला कृषी खात्यातल्या एक मॅडम होत्या. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, आणि नियमांत माझ्यापेक्षा दहापट पक्क्या.

आक्कांच्या १२-ड वर अंगठा होता. ही गोष्ट तेव्हा डोळ्यांखालून गेली, डोक्यात शिरली नाही. मतपत्रिकेबरोबर १३-अ हे घोषणापत्र असतं, त्यावर मतदारानं सही किंवा अंगठा करायचा. मॅडमनी सवयीनं शाईचा पॅड पुढे सरकवला. आक्कांनी पॅडकडे पाहिलंसुद्धा नाही. मॅडमच्या हातातलं पेन घेतलं, मांडीवर फायलीचा पुठ्ठा धरला आणि सही केली. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, तिन्ही पूर्ण. रेघ कापरी होती, पण काना-मात्रा जागच्या जागी.

मी मुलाकडे बघितलं. तात्या स्वतः सत्तरीला आलेले. म्हणाले, “सही येती तिला, न्हाई असं न्हाई. पण बँकेत जुळंना झाली, मग पेन्शनला अंगठाच लावायला लागलो. ह्या अर्जालाबी लावला.”

लावला. कुणी लावला, हे त्या वाक्यात नव्हतं. अर्ज आला तेव्हा आक्का कुठे होत्या, त्यांना काही विचारलं होतं का, हे मीही विचारलं नाही.

अंगणातली परीक्षा

प्रतिनिधी तेवीस-चोवीस वर्षांचा, बोलायला चटपटीत, वागायला नम्र. “सर, आमची काही तक्रार नाही. पण आज्जींना समजत नाही हे गावाला माहितीये. एकच प्रश्न विचारा, मुख्यमंत्री कोण? आलं तर द्या कागद.”

माझ्या तोंडातून नकार निघायच्या आत त्यानंच उंबऱ्यातून मोठ्यानं विचारलं. आक्का म्हणाल्या, “यशवंतराव.”

पोरगं हसलं. पोलीसही हसला. कराडच्या माणसाचं नाव आक्कांच्या पिढीच्या जिभेवर असंच बसलेलं आहे, त्यात नवल काही नाही. पोरानं दुसरा प्रश्न टाकला, “आज तारीख काय, आज्जी?”

“तारीख मला रं काय म्हायती. काल एकादस न्हवती का झाली?”

आदला दिवस १२ नोव्हेंबर, कार्तिकी एकादशी. मला स्वतःला ते कॅलेंडर बघून पटलं, कारण ड्युटीच्या धांदलीत एकादशी कधी आली नि गेली ते समजलं नव्हतं. पोरगंही गप्प झालं, पण मुद्दा सोडला नाही.

आता हा प्रश्न त्या पोरानं निवडला तो काळ बघा. २०१९ च्या नोव्हेंबरपासून त्या दिवसापर्यंत या राज्यात तीन वेगवेगळ्या माणसांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतलेली, मध्ये काही दिवस राष्ट्रपती राजवट, दोन मोठे पक्ष उभे फुटलेले, नावं आणि चिन्हं इकडची तिकडे गेलेली. आणि आमच्या साताऱ्यानं तर त्याच वर्षी मे महिन्यात लोकसभेला वेगळाच धडा घेतला होता. उदयनराजे भोसले निवडून आले ते ३२,७७१ मतांनी. ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हावर लढलेले शशिकांत शिंदे हरले. त्याच मतदारसंघात एका अपक्षाला नुसतं ‘तुतारी’ हे चिन्ह मिळालं होतं, लोक ज्याला पिपाणी म्हणतात ते. त्याला ३७,०६२ मतं पडली. पिपाणीनं घोळ केला अशी तक्रार हरलेल्या पक्षानं आयोगाकडे केली. सगळी मतं चुकून पडली असं कुणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण त्यातली बरीचशी चुकली असतील तर चुकलेल्यांत चाळिशी-पन्नाशीतले, चष्मा न लागलेले, व्हॉट्सॲपवर दिवसभर राजकारण बोलणारेही असणार. त्यांच्या अंगणात जाऊन कुणी मुख्यमंत्र्याचं नाव विचारलं नव्हतं.

हे सगळं मी तेव्हा बोललो नाही. “तुम्हाला मतदाराला प्रश्न विचारायचा अधिकार नाही, आम्हालाही नाही,” इतकंच मॅडम म्हणाल्या आणि त्याला तुळशीपाशी उभं राहायला सांगितलं.

हे वाक्य कायद्याचं आहे. राज्यघटनेचं कलम ३२६ प्रौढ मताधिकार देतं आणि तो काढून घेण्याची कारणं मोजून सांगतं: रहिवास नसणं, मनोविकलता, गुन्हा, भ्रष्ट किंवा बेकायदा आचरण. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १६ आणखी एक कडी घालतं. माणूस विकल मनाचा असून चालत नाही, सक्षम न्यायालयानं तसं जाहीर केलेलं असावं लागतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं ते अधिकच स्पष्ट केलं: मानसिक आजार आहे एवढ्यावरून कुणाला विकल मनाचं ठरवता येत नाही, न्यायालयानं ठरवलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे डॉक्टरचा कागद पुरत नाही, मुलीचा फोन पुरत नाही, मास्तराचा अंदाज तर नाहीच नाही. नाव यादीत आहे ना, मग मतपत्रिका द्यायची.

फोन

मुलीचा फोन याच वेळी आला. तात्यांनी माझ्या हातात दिला, मी अंगणात गेलो.

“सर, मी त्यांची मुलगी. आईला माझं नाव आठवत नाही हो. गेल्या महिन्यात मला मावशी म्हणाली. तिचं कसलं मत घेताय? दादा तिच्या नावानं मत टाकणार आणि तुम्ही ते लिफाफ्यात घालणार.”

मी कायदा सांगितला. त्या ऐकून घेत होत्या, पटत नव्हतं. शेवटी म्हणाल्या, “तुमच्या आईच्या बाबतीत असं झालं असतं तर?” मी म्हणालो, “ताई, मला आत जायला पाहिजे.” फोन बंद केला. माणूस उत्तर नसलं की असं करतो.

त्यांच्या बोलण्यात दोन तक्रारी होत्या. एक, आईला कळत नाही. दुसरी, दादा मत टाकणार. मी फक्त पहिलीला उत्तर दिलं. दुसरी मला संध्याकाळी जीपमध्ये ऐकू आली.

सोबती कोण

आत तात्यांनी पेन हातात घेतलेलंच होतं. “आण इकडं, मी करतो. तिला काय उमगतंय.”

खरा पेच इथे होता. निवडणूक नियमांत ४९-एन असा नियम आहे. अंधत्वामुळे किंवा दुसऱ्या शारीरिक दुर्बलतेमुळे ज्याला स्वतः मत नोंदवता येत नाही, त्याला अठरा वर्षांवरचा एक सोबती घेता येतो. सोबत्यानं मतदाराच्या इच्छेप्रमाणे खूण करायची, ती गुप्त ठेवायची आणि त्या दिवशी दुसऱ्या कुणाचा सोबती झालो नाही असं लिहून द्यायचं. गृहमतदानालाही हाच नियम लावतात.

शब्द आहेत ‘शारीरिक दुर्बलता’. आक्कांना दिसत होतं, घेवड्यातला खडा सापडेल इतकं. हात चालत होता, सही झाली इतका. त्यांचं जे गेलं होतं ते आठवणीतलं. विसराळूपणाला नियमात सोबती नाही.

माझं मन तात्यांच्या बाजूला झुकत होतं. मुलगा आहे, रोज आंघोळ घालतो, औषध देतो, एका खुणेसाठी कशाला अडवायचं? शिवाय अजून सात घरं बाकी होती. मॅडम मात्र हलल्या नाहीत. “तात्या, तुम्ही आईचे हात आहात हे खरं. पण त्यांचे हात चालतात.” तात्या चिडले. “मग ती कायबी करंल, मत बाद हुईल.”

“होऊ दे,” मॅडम म्हणाल्या. “बाद करायचा हक्क त्यांचाच आहे.”

मला तेव्हा हे जरा पुस्तकी वाटलं होतं.

पेन

पुठ्ठ्याचा कप्पा आम्ही खाटेवरच उभा केला. तात्यांना, सुनेला बाहेर पाठवलं. कॅमेरा कप्प्याच्या पाठीमागून, म्हणजे हात दिसणार नाही असा. मॅडमनी मतपत्रिका दिली, घडी कशी घालायची ते दाखवलं. “आज्जी, आमदारकीचं मतदान आहे. ज्याला द्यायचं त्याच्या नावापुढं पेनानं बरोबरची खूण करायची.”

‘मतदान’ म्हटल्याबरोबर आक्कांनी डावा हात पुढे केला आणि तर्जनी ताठ धरली. बाकी बोटं मुठीत. कुणी सांगितलं नव्हतं. वर्षानुवर्षं ज्या बोटाला शाई लावतात ते बोट.

मग कागदाकडे बघितलं आणि विचारलं, “शिक्का कुठं हाय?”

“शिक्का नाही आज्जी, पेनानं करायचं.”

“पेनानं मत बाद हुतं.”

मॅडम नि मी एकमेकांकडे बघत राहिलो. आक्कांचं बरोबर होतं. कागदी मतपत्रिकेच्या काळात दिलेला शिक्का सोडून दुसऱ्या कशानं खूण केली तर मत बाद व्हायचं. मतमोजणीला बसलेल्या कुठल्याही जुन्या कारकुनाला विचारा. हा नियम त्यांच्या डोक्यात चाळीसेक वर्षं घट्ट बसलेला, आणि आज दोन सरकारी माणसं घरी येऊन त्यांना तो मोडायला सांगत होती. ज्या बाईला काही कळत नाही म्हणून अंगणात वाद चालला होता, तिला मत कशानं बाद होतं ते ठाऊक होतं.

या बाईनं किती तऱ्हेनं मत दिलंय त्याचा मी नंतर हिशोब केला. जन्म १९३३ चा. तेव्हा मताचं वय २१, म्हणजे पहिलं मत १९५७ चं. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, आपल्या माणसाच्या पेटीत चिठ्ठी टाकायची. संयुक्त महाराष्ट्राची ती निवडणूक, साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेवर गेले. १९६२ पासून एकच मतपत्रिका आणि शिक्का. मग यंत्र आलं, यंत्राला चिठ्ठी दाखवणारं दुसरं यंत्र आलं. आणि आता पेन. म्हणजे चारदा पद्धत बदलली, आणि प्रत्येक वेळी शिकायचं ओझं मतदारावर.

मॅडमनी शांतपणे समजावलं की नियम बदलला, आता घरी मत देताना पेन चालतं, मत बाद होत नाही. आक्का थोडा वेळ पेन हातात धरून बसल्या. मग कप्प्यात वाकल्या. बाहेर कुणीतरी दार वाजवलं. “सर, झालं का?” कुणीच ओ दिली नाही. मी घड्याळात बघत होतो. सात मिनिटं. यंत्रावर माणूस इतका वेळ लावायला लागला तर मागची रांग शिव्या घालते.

कागद घडी होऊन बाहेर आला. दाखवली होती तशी नव्हे, जुनी, आधी उभी आणि मग आडवी. लहान लिफाफा १३-ब, तो मोठ्या १३-क मध्ये, मोठ्यात घोषणापत्र. चिकटवलं, पेटीत टाकलं. खूण कुठे होती, एक होती की तीन, होती की नव्हती, देव जाणे. आक्कांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

दुसरं घर

त्याच दिवशी चौथ्या घरात एक गृहस्थ होते, ८७ वर्षांचे. अर्धांगवायूनं उजवी बाजू आणि वाचा गेलेली, डोळे लख्ख. आम्ही आलो तशी ते दाराकडेच बघत होते. मानेनं हो-नाही नीट सांगत होते. यांना सोबती घेता येतो, नियमात चपखल बसतात. सोबती सून. तिनं अर्ज भरला, सही केली, कप्प्यामागे गेली आणि पेनाची टोपी काढल्यापासून लावेपर्यंत चार-पाच सेकंद लागले असतील. सासऱ्यांच्या कानाशी वाकली नाही. कागद त्यांच्यासमोर धरला नाही. ते तिच्याकडे बघत होते, मग आमच्याकडे बघायला लागले.

मी काही केलं नाही. कागदपत्र पूर्ण होती. सोबती मतदाराच्या इच्छेप्रमाणे खूण करतो हे नियम धरून चालतो, तपासत नाही. कदाचित सकाळीच त्यांचं बोलणं झालेलं असेल. कदाचित तीस वर्षं त्या घरात एकाच चिन्हावर मत पडत असेल. कदाचित. त्यांची नजर मात्र मला अजून आठवते.

जीपमध्ये बसलो तेव्हा मला आक्कांच्या मुलीचं दुसरं वाक्य ऐकू आलं. स्टाफरूममधल्या चाचणीत, मानेनं उत्तरं घेतली असती तर, हे गृहस्थ पहिल्या नंबरानं पास झाले असते. तारीख, मुख्यमंत्री, शंभरातून सात वजा, सगळं. आणि त्यांचंच मत त्यांचं होतं का याची मला खात्री नव्हती. आक्का नापास झाल्या असत्या, आणि त्यांचं मत, चूक-बरोबर कसंही असो, त्यांच्याच हाताचं होतं.

डिसेंबरातल्या दोन भेटी

निकालानंतर मला स्वस्थ बसवेना. चाचणी असती तर नेमकी कशी असती, ते शोधायला लागलो. अमेरिकेत यावर गंभीरपणे काम झालेलं आहे. मेन राज्यात मानसिक आजारामुळे पालकत्वाखाली असलेल्यांना मताधिकार नव्हता. तिघी बायका न्यायालयात गेल्या आणि २००१ मध्ये संघीय न्यायालयानं ती बंदी रद्द ठरवली. निकालात कसोटी सांगितली ती साधी: मतदान म्हणजे काय आणि त्याचा परिणाम काय होतो हे माणसाला कळतं का. त्या कसोटीवरून ॲपलबॉम, बॉनी आणि कार्लाविश यांनी एक छोटी प्रश्नावली केली आणि २००५ मध्ये अल्झायमरच्या ३३ रुग्णांवर वापरून बघितली. आजार सौम्य असलेले बहुतेक सगळे त्यात टिकले, तीव्र असलेले टिकले नाहीत, मधल्यांचं माणसागणिक वेगळं निघालं. त्यात तारीख नाही, राज्यपालाचं नाव नाही. आज निवडणूक आहे असं समजा, लोक काय करतील? जिंकलं कोण ते कसं ठरेल? हा उमेदवार असं म्हणतो, तो तसं म्हणतो, तुम्ही कुणाला द्याल? बस.

तात्यांची आणि त्यांच्या बहिणीची, दोघांची परवानगी घेऊन मी डिसेंबरात आक्कांकडे गेलो. सकाळी दहाला. त्या प्रश्नांत अमेरिकन गव्हर्नरची निवडणूक आहे, ती काढून सरपंचाची घातली.

“समजा आज सरपंचाचं मतदान आहे. गावातली माणसं काय करतील?”

“जातील की शाळंत. वळीत हुबं ऱ्हातील.”

“मग निवडून कोण आलं ते कसं कळायचं?”

“मोजत्यात. ज्याला जास्ती त्यो.” मग आपणहून, “आदी पेट्या हुत्या. वळीनं मांडलेल्या. मामंजी बैलगाडीतनं न्यायचे सगळ्या बायांस्नी, आन् वाटंत सांगायचे कुठल्या पेटीत टाकायचं ते.”

“मग तुम्ही त्याच पेटीत टाकायचा?”

आक्का हसल्या. दात नाहीत, सगळं तोंड हसतं. “पेटीपशी मामंजी कुठं असायचे?”

आठवड्यानं पुन्हा गेलो, पण संध्याकाळी सहाला, शाळा सुटल्यावर. मला तलाठी समजल्या. सातबारा अजून मिळाला नाही म्हणून रागावल्या. मतदानाचा प्रश्न विचारला तर काही बोलल्या नाहीत, पदराचं टोक पिळत राहिल्या. सून म्हणाली, “दिवस मावळला की अशाच होतात.” या आजाराचं हे नेहमीचंच लक्षण, संध्याकाळी गोंधळ वाढतो. तेच प्रश्न, तीच बाई. दहाला पास, सहाला नापास. आमचं पथक नोव्हेंबरात त्यांच्याकडे अकराला पोचलं होतं ते निव्वळ रस्त्याच्या सोयीनं. उलट्या टोकाकडून सुरुवात केली असती तर आक्कांचं घर शेवटचं आलं असतं.

चाचणीवाल्यांना मी आता हेच विचारतो: कुठल्या वेळेची? आणि कुणी केलेली? भारतात ६० वरच्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. ८५ वर ते पुष्कळ जास्त असणार. पण दवाखान्यात जी तीस गुणांची प्रचलित चाचणी घेतात तीत वाक्य लिहायला सांगतात, आकृती काढायला सांगतात. निरक्षर माणूस तिथे आजारानं नाही, शाळेअभावी पडतो. म्हणूनच १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडला, न शिकलेल्या म्हाताऱ्यांसाठी तिची वेगळी हिंदी आवृत्ती करावी लागली. आक्कांच्या वयाच्या किती बायका शाळेत गेल्या होत्या? चाचणी वयाची म्हणून आणाल आणि गाळाल ते बाईला, दलिताला, डोंगरातल्याला.

हे काही माझ्या कल्पनेतलं भय नाही. इंग्रजांच्या काळात इथे मत होतं ते मालमत्ता, कर आणि शिक्षण बघून. सायमन कमिशनपुढे १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनं सरसकट प्रौढ मताधिकार मागितला तो त्याच चाळणीच्या विरोधात. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती आणि तरी १७ कोटींवर माणसांची नावं यादीत घालून निवडणूक घेतली. अमेरिकेच्या दक्षिणेत उलटा प्रकार. तिथे साक्षरतेची चाचणी होती आणि काळ्या माणसाला ती पास होऊ द्यायची नाही असा बंदोबस्त. गोऱ्या अडाण्यांची सोय म्हणून काही राज्यांनी पळवाट ठेवली: ज्याच्या आजोबाला मत होतं त्याला चाचणी माफ. १९१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती मोडली, पण चाचण्या १९६५ च्या कायद्यापर्यंत टिकल्या. आजोबाच्या पुण्याईवर नातवाला मत, आणि आता आमच्या स्टाफरूमला आजोबाचंच काढून घ्यायचंय.

तरी दुसऱ्या बाजूला काहीच नाही असं मी म्हणणार नाही. सातव्या घरात एक बाई होत्या, डोळे मिटून पडलेल्या, हाकेला ओ नाही. तिथे नातवानं पेन मागितलं. मॅडमनी मतपत्रिका दिलीच नाही, मतदार इच्छा व्यक्त करू शकत नाहीत अशी नोंद केली. हे बरोबर झालं असं मला वाटतं, आणि त्यासाठी कुठलीही परीक्षा लागली नाही. वयही बघावं लागलं नाही. तिशीतला माणूस बेशुद्ध असता तरी हेच केलं असतं.

मला बदल हवा आहे तो दुसरीकडे. १२-ड वर अंगठा घेताना बीएलओनं मुलाशी नव्हे, मतदाराशी बोलावं. घरी मत द्यायचं की केंद्रावर, हे त्यालाच विचारावं. कितीतरी म्हाताऱ्यांना रिक्षानं शाळेत जायचं असतं, चार माणसं भेटतात, आणि अर्ज भरला की ती वाट बंद. सोबती घ्यायचा असेल तर मतदारानं तो आमच्यासमोर निवडावा, हातानं, मानेनं, कसाही. घरातलाच असला पाहिजे असं नाही. शेजारीण चालेल, तालमीतला पोरगा चालेल. आणि सोबत्यानं कागद मतदाराच्या डोळ्यांसमोर धरून बोट फिरवावं, आम्ही पाठ फिरवून उभे राहू. यातल्या बहुतेक गोष्टींना कायदा बदलायला लागत नाही. सूचनांच्या पुस्तकात चार ओळी वाढवल्या तरी पुरे.

त्या रात्री तहसील कचेरीत पेटी जमा केली. नोंदवहीत प्रत्येक मतदारापुढे शेरा लिहायचा असतो. माझं अक्षर बरं म्हणून मॅडम सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. आक्कांच्या ओळीत, ‘मतदाराने स्वतः मत नोंदवले, सोबती नाही.’ दोन ओळी खाली, ‘सोबतीमार्फत, सून, घोषणापत्र जोडले.’ टेबलावरच्या कारकुनानं वही घेतली, आकडे जुळवले. आक्कांच्या ओळीवर पेन टेकवून त्यानं विचारलं, “एक्क्याण्णव वय, अन् सोबती नाही? खात्री आहे ना सर?” खालच्या ओळीबद्दल त्यानं काही विचारलं नाही.